उजवा हात

“ती टोपली उचल,” सर म्हणाले.

वर्गाच्या कोपऱ्यात रद्दीची वेताची टोपली असायची. फाडलेले कागद, पेन्सिलींची सालं, कुणीतरी तासाला खाल्लेल्या शेंगांची टरफलं. मला वाटलं, बाहेर नेऊन ठेवायची असेल. मी उचलली.

“अंहं. डोक्यावर घे. आणि चालून दाखव. कोळीण कशी चालते ते कळू दे सगळ्यांना. तुला काही शिकवायला नको.”

वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, “खिडक्या उघडा रे, बाजार आला!” वर्ग आणखी हसला. सरही हसले. मग हात वर करून म्हणाले, “शांतता. अभ्यास चाललाय.”

मी चालले. फळ्यापासून दारापर्यंत आणि परत. सर म्हणाले, “कंबर जरा हलू दे.” मी पुन्हा चालले. शेंगेचं एक टरफल वेणीत अडकलं होतं. ते वसतिगृहाच्या आरशात दिसलं तेव्हा काढलं.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी मोठ्या उत्साहाने सांगितलंत की कॉलेजसाठी छोटी फिल्म करायची आहे आणि तिची सुरुवात आजीवर करायची आहे. आजी कासोट्याचं लुगडं नेसून, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन किनाऱ्यावरून चालत येते. “आजी, तुला अभिनय करावाच लागणार नाही,” असं तू म्हणालीस. तुझा आवाज गोड होता. पण ते वाक्य मी ओळखलं. म्हणून हे लिहिते आहे. नीट वाचा, मग ठरवा.

एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतरची ती वर्षं. मी मुंबईत कॉलेजात होते. मांडव्याच्या दक्षिणेला आमचा कोळीवाडा. तिथून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. सरांनी कुणाकडून तरी फिल्मचा कॅमेरा मिळवला होता. कोळ्यांच्या जगण्यावर लघुपट करायचा होता. रीळ थोडंच होतं, म्हणून सगळं आधी कागदावर ठरवायचं. प्रत्येकाने फिल्मची सुरुवात लिहून आणायची, आणि ती नुसती कल्पनेने नाही, माहिती काढून.

इतर मुलं ग्रंथालयात गेली. मी दिवाळीत घरी गेले आणि आईशेजारी बसले.

आमच्यात लग्नाच्या वेळी नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून समुद्रात सोडायची रीत. घरधनी ज्याच्या भरवशावर पाण्यात जाणार, त्याला दिलेलं ते देणं. पुढे जन्मभर त्या हातात काच चढत नाही. डावा हात भरलेला, तो नवऱ्याचा. उजवा मोकळा, तो समुद्राचा. मी लहानपणापासून हे बघत होते. विचारलं मात्र पहिल्यांदाच.

मी सुरुवात लिहिली ती अशी. पडद्यावर आधी फक्त एका बाईचा उजवा हात. मोकळा. डोळ्यांवर आडवा धरलेला. तो हात होड्या शोधतो आहे. कुठली आपली, ते शिडाच्या ठिगळावरून ओळखतो आहे. ओळख पटते, हात खाली येतो, आणि तेव्हा प्रेक्षकाला समुद्र दिसतो.

सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचलं. “वा! ही आपली सुरुवात.” आपली म्हणाले. मला आनंद झाला. मग म्हणाले, “हातानंतर लगेच चाल हवी,” आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

तुम्ही विचाराल, तेव्हाच “नाही” का म्हणाली नाहीस? वसतिगृहातली माझी जागा सरांच्या शिफारशीवर होती. दर सत्राला ती नव्याने लागे. शिफारस नाही तर जागा नाही, जागा नाही तर कॉलेज नाही, आणि मग मांडव्याची लाँच, कायमची घरी. माझ्याबरोबरच्या मुलींच्या कडेवर तोवर पोरं आली होती. सर ओरडत नसत, धमकावत नसत. फक्त अधूनमधून हसून विचारत, “काय, वसतिगृहात बरं चाललंय ना?” मी म्हणायची, “हो सर.” दोन वर्षं मी “हो सर” म्हणत होते.

माघात आम्ही फिल्म काढायला आमच्या कोळीवाड्याला निघालो. लाँचमध्ये सगळे गात होते. मी कठड्याला धरून उभी. किनारा जवळ येत होता आणि मला उतरावंसं वाटत नव्हतं. आपल्याच घरी पाहुण्यांना घेऊन चालले होते आणि पाहुण्यांची मला भीती वाटत होती.

आईने अंगण सारवलं होतं. शहरातल्या माणसांना वास नको म्हणून समोरच्या दोऱ्यांवरचे बोंबील उतरवून घरामागे नेले होते. सर दोऱ्यांकडे बघून वैतागले. “बोंबील कुठे गेले? दोऱ्या रिकाम्या काय दाखवायच्या?” आईने ते सगळे परत आणून टांगले. एकेक. ते टांगून झाले तशी नलिनीने नाकाला रुमाल लावला. नलिनी आमच्या वर्गातली, दादरची. पडद्यावर चालणार होती ती, म्हणून पाटीची चाल आता माझ्याकडून शिकत होती.

आईने चहा केला. त्यांनी थर्मास आणला होता.

मग सरांनी आईला वाळूवर उभं केलं. हात डोळ्यांवर धरायला लावला. कॅमेऱ्यातून पाहिलं, आणि मान हलवली.

“छे. हा हात भुंडा दिसतो.”

माझा बाप तेव्हा पाण्यात होता. आमच्या वस्तीत घरधनी पाण्यात असताना कुणी भुंडा हा शब्द उच्चारत नाही. आईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. पण हात खाली आला.

“सर, तेच तर दाखवायचंय,” मी म्हणाले. “मी लिहिलं होतं.”

“लिहिलं होतंस, छान लिहिलं होतंस. पण एक हात भरलेला आणि एक रिकामा, लोकांना काय कळणार? सवाष्ण की विधवा? पडद्याशेजारी सांगायला तू उभी राहणार आहेस का?” त्यांनी नलिनीकडे हात केला. तिने पिशवीतून हिरव्या बांगड्या काढल्या. कागदात गुंडाळलेल्या, दादरहून आणलेल्या. म्हणजे हे तिथेच ठरलं होतं. फक्त मला सांगितलं नव्हतं.

“मिनिटाचं काम आहे, बाई. नंतर काढून टाका. तुम्हालाच ठेवा हव्या तर.”

आई म्हणाली, “न्हाय मास्तर. ह्यो हात माजा न्हाय.”

“मग कुणाचा?” सर हसले. मुलंही हसली.

आईने समुद्राकडे बघितलं.

सर माझ्याजवळ आले. बांगड्या माझ्या हातात दिल्या. आवाज अगदी खाली, अगदी मऊ. “समजाव तिला. पुढच्या सत्राची शिफारस अजून लिहायचीय मला.”

आईला पुस्तकी मराठी फारशी कळत नसे. आवाज कळत असे. बाजारात बसणाऱ्या बाईला आवाजच आधी कळतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

“बाय, तुजं शिकनं ह्याच्यावर हाय?”

मागे सर, पुढे आई, बाजूला समुद्र. हातात काच.

आईने पदराला हात पुसला. मग वाकली, ओहोटीच्या पाण्यात बुडवून तो ओला केला, बांगडी चढायला सोपं जावं म्हणून. आणि माझ्यापुढे धरला.

“घाल मंग. दर्याचं मी बघन.”

तो हात मी कधी इतक्या जवळून पाहिला नव्हता. मासे कापताना झालेल्या जखमांच्या पांढऱ्या रेषा. मिठाने फुटलेली बोटं. आणि मनगट कोरं. लग्नापासून कोरं. माझ्या शिक्षणासाठी ती समुद्राशी दिलेला शब्द मोडायला निघाली होती, आणि तो माझ्याच हाताने मोडायचा होता.

टोपली माझ्या डोक्यावर होती, ती मी वाहिली. हा हात माझा नव्हता.

मी तो धरला आणि खाली केला. बांगड्या नलिनीच्या पिशवीत परत टाकल्या. एक फुटली.

“न्हाय, सर,” मी म्हणाले. घरचा शब्द तोंडात आला. कॉलेजात तो कधी येऊ दिला नव्हता.

“हे बघ, ही माझी फिल्म आहे.”

“सुरुवात मी लिहिलीय. आणि आई तुमची नाही. कॅमेरा बंद करा.”

त्यांचा चेहरा लाल झाला. पण आवाज मऊच. “परत आल्यावर खोली रिकामी कर.”

“करते.”

ते गेले. आई माझी पाठ थोपटेल असं वाटलं होतं का मला? वाटलं असेल. तिने मला शिव्या दिल्या. “येक घटकाची काच! मी काय मेली असती? आता शिक बोंबील वालवायला!” रागारागाने ती बोंबील उलटेपालटे करत राहिली. भरतीबरोबर होड्या यायला लागल्या तेव्हा थांबली. उजवा हात डोळ्यांवर धरला. खाली केला. बाप आला होता.

मी मुंबईला परतले. मावशी मासळी बाजारात बसायची, तिच्या खोलीत जागा नव्हतीच, तरी तिथे राहिले. चार माणसांत पाचवी. कपड्यांना वास लागायचा. वर्गात कुणी “खिडक्या उघडा” म्हणालं की मीच उठून उघडायची आणि पुन्हा पहिल्या बाकावर येऊन बसायची. त्याच कॉलेजातून बी. ए. झाले.

फिल्म पूर्ण झाली. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली. सुरुवातीला एक हात, डोळ्यांवर आडवा. नलिनीचा. काहीतरी फासून काळा केलेला, आणि हिरव्या बांगड्यांनी गच्च भरलेला. तो हात समुद्राकडे बघत होता आणि त्याला काहीच दिसत नव्हतं. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. दारात उभी राहून शेवटपर्यंत बघितलं, चुकूनही विसरू नये म्हणून.

पुढे माझं लग्न झालं. तुमचे आजोबा कचेरीत कारकून. पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. तरी मी हट्टाने उजव्या हातातल्या बांगड्या समुद्रात सोडल्या. तेव्हापासून हा हात मोकळा आहे. याच हाताने हे लिहिते आहे.

तुम्ही कॅमेरा घेऊन या. मी खुर्चीत बसेन, चष्मा लावून, रोजच्या पातळात. काय दाखवायचं आणि काय नाही, ते मी सांगेन. कोळीवाड्यात जाल तिथे आधी विचाराल. बाई नाही म्हणाली तर तिच्या लेकीकडून वदवून घेणार नाही. आणि तुमच्या सरांना माझा हात भुंडा दिसला, तर कॅमेरा बंद करून निघून यायचं. त्यांनी काहीही रोखून धरलं तरी.

पोटासाठी माझ्या आईने जन्मभर पाटी वाहिली. दाखवण्यासाठी मी एकदा वाहिली. आता नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही.