औषधांची आगोट

गावात कुणाचं माणूस गेलं की राजाबाई तिसऱ्या दिवशी भेटायला जायची. नेरूळच्या सेक्टरांनी चारी बाजूंनी वेढलेलं, तरी आपलं गावपण न सोडलेलं ते आगरी गाव. तिथं दुःखाला जाणं कुणी चुकवत नाही. राजाबाई रीतसर रडायची, विधवेच्या पाठीवरून हात फिरवायची, चहा नको म्हणायची. आणि निघताना, पायात चप्पल सरकवता सरकवता, हळूच विचारायची, "त्याच्या गोल्या उरल्यान का गो? तुमाला आता काय कामाच्या? मना द्या." घरचे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. पण नकोशी वस्तू घरातून जातेय तर जाऊ दे, म्हणून पिशवी भरून द्यायचे. मेलेल्या माणसाची औषधं पोटाशी धरून राजाबाई घरी यायची आणि त्या दिवशी तिला जेवण गोड लागायचं.

तिला वेडी म्हणणं सोपं होतं, आणि गावानं म्हणून घेतलंही. पण वेड काही आभाळातून पडलं नव्हतं. एकवीस सालच्या एप्रिलात तिचा थोरला, कान्हा, नेरूळच्या एका दवाखान्यात खाटेवर पडून होता आणि धाकटा धनेश हातात डॉक्टरची चिठ्ठी घेऊन बाइकवरून तुर्भ्यापासून बेलापूरपर्यंत एका इंजेक्शनसाठी फिरत होता. चार दिवस फिरला. चौथ्या दिवशी पनवेलच्या एका दुकानाच्या रांगेत उभा असतानाच त्याला फोन आला की आता राहू दे. आजार आधीच हाताबाहेर गेला होता, इंजेक्शनानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. ते राजाबाईनं कानाआड केलं. तिच्या लेखी हिशेब सरळ होता: औषध घरात नव्हतं म्हणून पोरगा गेला. तेव्हा औषध घरात असलं की दुसरा जाणार नाही.

मग तिनं बेगमी सुरू केली. खाडीकाठच्या बाईला बेगमी शिकवावी लागत नाही. पावसाळ्याआधी चार महिन्यांची शिधासामग्री भरायची, सुके बोंबील, जवळा, मसाला, तांदूळ, पापड, ह्या भरणीला तिकडे आगोट म्हणतात. राजाबाईनं चाळीस वर्षं आगोट भरली होती आणि तिच्या घरच्या तांदळात कधी टोका निघाला नव्हता, ह्याचा तिला गर्व होता. आता तिनं औषधांची आगोट भरली. नवऱ्याच्या वेळचं लोखंडी कपाट रिकामं केलं. तापाच्या, जुलाबाच्या, दम्याच्या, साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या, मलमं, सलाइनच्या बाटल्या, बँडेजचे गुंडाळे. स्टेशनसमोरचा औषधवाला तिला ओळखायला लागला. किल्ली तिनं कमरेला खोचली.

इथवर ठीक होतं. पण राजाबाईचं माहेर मिठागरावरचं. खाडीची हवा काय करते ते तिला लहानपणापासून ठाऊक: मीठ पाझरतं, पापड सादळतो, बोंबलाला बुरशी धरते. चांदीच्या कागदात गोळी घामेजते असं तिच्या मनानं घेतलं. म्हणून ती खोकी फेकून द्यायची, पट्ट्या फाडून गोळ्या सोडवायची आणि रंग बघून काचेच्या बरण्यांत भरायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कुठली बरणी कशाची हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. आणि दर मे महिन्यात, गच्चीवर तांदळाच्या पापडांशेजारी, बोंबलांपासून जरा लांब, धुतलेलं पातळ अंथरून ती सगळ्या गोळ्या पसरायची. दोन दिवस कडक ऊन. संध्याकाळी सुपात पाखडून पुन्हा बरणीत. एकाही गोळीला कधी कीड लागली नाही, असं ती अभिमानानं सांगायची. लागणार कशी?

धनेशची बायको क्रांती बेलापूरला एका सरकारी कचेरीत कारकून होती. पहिल्या वर्षी तिनं बघितलं आणि गप्प बसली. दुसऱ्या वर्षी राहवलं नाही. फेकलेलं एक खोकं उचलून ती गच्चीवर गेली. शेजारच्या चार बायका पापडाला हात लावायला आल्या होत्या.

"आई, हे बघा, इथं लिहिलंय. थंड आणि कोरड्या जागी ठेवा, उन्हापासून लांब ठेवा. उन्हानं औषधाचा असर जातो. ह्या गोळ्या टाकून द्या, आपण नवीन आणू."

राजाबाईनं मान वर केली नाही. "कान्हा जेला तवा ह्या खोक्यावरची अक्षरा कुठं व्हती?" मग बायकांकडे वळून, अगदी सहज, "नऊ वरसा झाली लग्नाला. एक पोर सांभालाला जमला नाय, आता माज्या बरन्या सांभालते."

बायका खाली बघून हसल्या. एक मोठ्यानं हसली. क्रांती खोकं तिथंच ठेवून जिना उतरली आणि पुन्हा कधी त्या विषयावर बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा ते हसू ऐकून बघावं. त्या रात्री तिनं धनेशला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "जाऊ दे ना यार, टेन्शन नको घेऊ. तिला त्यात बरं वाटतं." आईला बरं वाटावं ह्यापलीकडे, कान्हा गेल्यापासून, धनेशला दुसरं काही सुचत नव्हतं.

राजाबाई कपाटातलं बाहेर कुणाला द्यायची नाही. त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गीतांजली नावाची भाडेकरू होती. एका बंदच्या दिवशी तिच्या चार वर्षांच्या मुलीला ताप चढला, अंग भाजायला लागलं आणि खालची दुकानं सगळी मिटलेली. ती दारात येऊन उभी राहिली. राजाबाईनं कपाट उघडलंसुद्धा नाही. "माज्या घरच्यांसाठी हाय ता. तुला दिला नि उद्या माज्या पोराला कमी परला त?" गीतांजली रडत खाली गेली आणि नकार मिळाला म्हणूनच मुलीला कडेवर घेऊन चालत सरळ दवाखाना गाठला. मुलगी दोन दिवसांत ठणठणीत झाली. राजाबाईनं जिला हाकललं ती वाचली. ज्याला तिनं जिवापाड जपलं त्याचं काय झालं ते आता ऐका.

धनेशला चाळिशीतच रक्तदाब लागला होता. तेवीस सालच्या शेवटी छातीत एकदा कळ आली, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. पुन्हा दुखलं तर एक ठेवा आणि लगेच इकडे या, असं बजावून सांगितलं. क्रांतीनं एक पट्टी त्याच्या पाकिटात सरकवून ठेवली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात राजाबाईनं ती शोधून काढली. "पाकिटान दबून घाम धरतान," म्हणाली. गोळ्या बरणीत गेल्या, बरणीतून गच्चीवर. धनेश बघत होता.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातला एक दिवस. क्रांती कचेरीत. दुपारी बाराच्या सुमारास धनेश सोफ्यावर बसल्या बसल्या घामानं भिजला. डावा हात धरून म्हणाला, "आई, दवाखान्यात जाऊया."

राजाबाई घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला त्या क्षणी जवळजवळ आनंदच झाला. साडेतीन वर्षं ज्या दिवसासाठी तिनं कपाट भरलं होतं तो दिवस आला होता आणि ह्या वेळी तिचे हात रिकामे नव्हते. "दवाखाना कशाला? घरान सगला हाय," म्हणाली आणि कमरेची किल्ली काढली. बरोबर ती बरणी, बरोबर ती गोळी. स्वतःच्या बोटांनी त्याच्या जिभेखाली ठेवली. दहा मिनिटांनी विचारलं, बरा वाटतंय का? त्यानं मान हलवली. पुन्हा घाम आला तेव्हा दुसरी ठेवली. मग तिसरी. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती पदरानं वारा घालत बसली आणि मधून मधून विचारत राहिली, आणि तो दर वेळी म्हणत राहिला, बरं वाटतंय.

एक वाजता तिनं क्रांतीला फोन लावला. "धनेशच्या छातीन दुखत व्हता. मी गोली दिली. आता बरा हाय, तू धावत येव नको." क्रांतीनं धनेशला फोनवर मागितलं, अर्धं मिनिट ऐकलं, आणि ताबडतोब चुलत दीर दिपेशला फोन केला. दिपेशनं दहा मिनिटांत गाडी काढली. ते दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा धनेश बोलत नव्हता. क्रांती रिक्षानं आली तेव्हा तो उरला नव्हता.

राजाबाई बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टर तरुण होता. काय दिलं होतं विचारल्यावर दिपेशनं बरणी पुढे केली. डॉक्टरनं एक गोळी तळहातावर घेतली, बोटानं दाबली, तिचा भुगा झाला. ह्या उघड्या कशा? उन्हात? किती वेळा? त्यानं दिपेश आणि क्रांतीकडे बघितलं आणि आवाज खाली घेतला. ह्या गोळ्यांत काही राहिलं नव्हतं, म्हणाला, हिच्याऐवजी खडू दिला असता तरी चाललं असतं. आणि त्याहून वाईट म्हणजे हिच्या भरवशावर तासाच्या वर वेळ गेला. दुखायला लागल्याबरोबर आणलं असतं तर मी काहीतरी करू शकलो असतो.

"म्हातारीला नको सांगायला," दिपेश म्हणाला. "मरेल ती." क्रांतीनं होकार दिला.

आणि तिनं तो पाळला, दीड महिना. रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं आणि राजाबाई प्रत्येकाला तेच सांगायची. "कान्हाला औषध मिलाला नाय. धनेशला मी माज्या हातानं तीन गोल्या दिल्या. मी काय कमी केला नाय, माजा हात साफ हाय." मग आवाज जराही न चढवता, स्वयंपाकघराच्या दिशेनं, "हिच्याच कपालान नवरा नव्हता. पोर नाय, नवरा नाय. पांढऱ्या पायाची आली माज्या घरान." क्रांती आतून चहाचे कप घेऊन यायची आणि एकेकीच्या हातात द्यायची.

जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती कचेरीतून आली तेव्हा तीन बायका बसल्या होत्या आणि राजाबाई त्याच वाक्यापाशी पोचली होती. क्रांतीनं पर्स खाली ठेवली, समोर पाट ओढून बसली आणि कचेरीत फाइल वाचून दाखवावी तशा आवाजात सगळं सांगितलं. उन्हाचं, खडूचं, तासाचं. एकही शब्द वाढवला नाही आणि एकही गाळला नाही.

राजाबाई म्हणाली, "तीन दिल्या व्हत्या मी."

"तिन्ही मेलेल्या होत्या."

"त्यो मना बोलला, बरा वाटतंय."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलला. फोनवर मला बोलला, खूप दुखतंय, पण आईला सांगू नको, तिला वाटेल गोळी लागू पडली नाही."

बायका उठल्या आणि चप्पल न शोधता बाहेर पडल्या. दोन दिवस राजाबाई जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी जेवली. मरायचं ठरवून माणूस मरत असतं तर जग ओस पडलं असतं. बरण्या दिपेशनं गोणीत भरून नेल्या, कपाट भंगारवाल्याला दिलं. घरात दोघीच उरल्या.

क्रांती माहेरी गेली नाही. का नाही गेली, असं गाव विचारतं आणि मग तिची तारीफ करतं. राजाबाईचा रक्तदाब वाढलेला असतो. क्रांती रोज सकाळी कचेरीला निघण्याआधी नवीकोरी पट्टी घेऊन तिच्यासमोर उभी राहते, मागं छापलेली मुदतीची तारीख मोठ्यानं वाचते, मार्च दोन हजार सत्तावीस, तिच्या डोळ्यांदेखत एक गोळी फोडते आणि तळहातावर ठेवते. पाण्याचा पेला धरून उभी राहते. राजाबाईनं गिळली की तोंड उघडायला सांगते. त्या घरात दिवसभरात एवढंच बोलणं होतं.

परवा दोघी तपासणीला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी दंडावरचा पट्टा सोडला आणि हसून म्हणाल्या, "आजी, एकदम फर्स्टक्लास. अजून वीस वर्षं कुठं गेली नाहीत."

राजाबाईनं बाही खाली ओढली. मग विचारलं, "गोली बंद केली त चालंल का?"

"छे, बंद नाही करायची."

"मी करू देत नाही," क्रांती म्हणाली आणि पुढच्या महिन्याची चिठ्ठी लिहून घ्यायला तिनं हात पुढे केला.