भोंगेमामांची उलटी दवंडी

भोंगेमामांना कानात बोलता येत नसे. ते जवळ येत, तोंडाशी तळहात आडवा धरत, इकडेतिकडे बघून घेत आणि मग गुपित सांगत. ते गुपित समोरच्या फाट्यावर उभ्या असलेल्या सेनगावच्या एसटीतल्या कंडक्टरलाही ऐकू जाई. "दिनू, कोनाला सांगू नको," हे त्यांचं बोलून होईपर्यंत अर्ध्या बाजारपेठेला काय सांगायचं नाही ते कळलेलं असे. माझं औषधाचं दुकान आणि त्यांचं साउंड सर्व्हिसचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं, त्यामुळे या आवाजाचा सगळ्यात जास्त मार मीच खाल्ला. सकाळी शटर वर केलं की पलीकडून "हॅलो, हॅलो, माइक चेक" सुरू. तुमच्यामुळे माझ्या गिऱ्हाइकांचं बीपी वाढतं, अशी तक्रार मी केली तर म्हणाले, "तुझी मशीन खराब आसंल."

मामांचं घराणं तांड्यावरचं. पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत, असं ते सांगायचे आणि आपल्या आवाजाचं श्रेय त्यांनाच द्यायचे. "म्होरक्याची हाक शेवटच्या बैलाला ऐकू गेली पायजे. न्हाई गेली तर बैल रानात. तिथला आवाज हाय ह्यो." बैल गेले आणि भोंगा आला. रेशन आलं, नळाला पाणी येणार नाही, कोणाची शेळी सापडली, लग्नात कोणी काय आहेर केला, हे सगळं गावाला मामांच्या तोंडून कळे. मयतीची दवंडीही त्यांचीच. मामांनी पुकारल्याशिवाय आमच्याकडे माणूस मेला असं कोणी धरत नसे.

त्यातच एकदा मोठा घोटाळा झाला. गावात दोन ग्यानबा होते. गेले खालच्या आळीतले आणि मामांनी नाव पुकारलं वरच्या आळीतल्यांचं. लोक खांद्यावर टॉवेल टाकून पोचले, तर ग्यानबा म्हैस पिळत बसलेले. दुसरा कोणी असता तर आठवडाभर तोंड लपवून बसला असता. मामा भोंगा घेऊन पुन्हा निघाले आणि जिथे जिथे चुकीचं बोलले होते त्या प्रत्येक चौकात थांबले. "वरल्या आळीचे ग्यानबा जिवंत हायेत. चूक माझी हाय. मयत खालच्या आळीला हाय, तिकडं चला." पोरांनी त्याला 'उलटी दवंडी' नाव ठेवलं. मामांना मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मला म्हणाले, "भोंग्यात बोललेलं हवेत जात न्हाई, मानसाच्या घरात जातं. ज्या दारातून चुकीचं आत टाकलं, त्याच दारातून उचलायला जावं लागतं."

निवडणुकीत हा भोंगा कायम एकाच पक्षाचा. बाकीच्या पक्षांची माणसं येत, चहा पिऊन परत जात. मी कारण विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तांड्यावर पयली नर्सबाई ह्यांच्या राज्यात आली." नर्सबाई आली ती उपकेंद्रात अजूनही आहे, पण नर्सबाईच्या पुढे आमच्याकडे काही आलं नाही. मामांची धाकटी लेक सविता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. रक्त नाही, ऑपरेशनची सोय नाही. जीप हिंगोलीकडे निघाली तर ओढ्यावरच्या नळकांडी पुलावरून पाणी चाललेलं. पाणी उतरेपर्यंत जीप अलीकडेच उभी राहिली. बाळ गेलं, सविता कशीबशी वाचली. मामा पुढच्या सीटवर होते. त्यानंतर त्या पुलावरून जाताना त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नाही, आणि हा माणूस झोपेतही बोलणारा.

गेल्या विधानसभेला पक्षाने सांगितलं की आमचं ग्रामीण रुग्णालय पुरं करणार. गावाबाहेर त्याचे नुसते खांब कित्येक वर्षं उभे आहेत, शेरडांना सावली म्हणून बरे पडतात. आता तिथे डॉक्टर येणार, रक्त येणार, ऑपरेशनची खोली होणार. मामांनी छापील मजकूर वाचला आणि त्याला आपलं एक वाक्य जोडलं, "आता कोन्या बी मायमाउलीला जीपमधी बाळंत व्हावं लागनार न्हाई." हे वाक्य आलं की बायका भाकरी थापायच्या थांबून पिठाच्या हातांनी दारात येत. मी ते गावोगाव पाहिलं आहे, कारण त्या प्रचारात मीही हौसेने जीपमध्ये बसत होतो. पक्ष निवडून आला. उमेदवाराच्या भाषणामुळे आला असं उमेदवाराला वाटतं, तर वाटो.

सरकार मात्र एकट्याच्या बळावर बनेना. दुसऱ्या पक्षाचा टेकू घ्यावा लागला आणि टेकूवाल्यांना रस्ते हवे होते. मुंबईत कुठेतरी बैठक झाली, दवाखान्यांचा पैसा रस्त्यांकडे वळला आणि आमचं रुग्णालय 'पुढच्या टप्प्यात' गेलं. मोबाइलवर बातमी आली तीत दोन्हीकडचे नेते एकमेकांना पेढा भरवत होते. तो पेढा आमच्या गावाच्या घशात अडकला. त्या आठवड्यात माझ्या काउंटरसमोर लोक जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. खालच्या आळीच्या कासाबाईंच्या सुनेला तेव्हा दिवस गेले होते. त्या म्हणाल्या, "दुसऱ्या पक्षानं दिलं नसतं तर म्हनलं आसतं, जाऊ द्या. आपल्याच मानसानं ताटातलं उचलून शेजाऱ्याला वाढलं." पोरांनी पक्षाची पाटी उतरवली आणि रुग्णालयाच्या खांबांमध्ये नेऊन टाकली. मत मागायला याच, असं चौकातल्या भिंतीवर कोळशाने लिहिलं गेलं.

पण आमदार काही चौकात राहत नाही. चौकात राहत होते मामा, आणि वचन ज्या आवाजात घरात आलं तो आवाज त्यांचा होता. कासाबाईंनी त्यांना नळावर गाठलं. "मामा, जीपमधी बाळंत व्हावं लागनार न्हाई, हे तुमीच बोलले होते ना?"

"व्हय," मामा म्हणाले, "म्याच बोललो."

पुढच्या लग्नात कोणीतरी सांगितलं की मामांच्या हातात माइक देऊ नका. एका सकाळी त्यांच्या भोंग्यांच्या वायरी कापलेल्या सापडल्या. त्या दिवसापासून पलीकडचं "हॅलो, हॅलो" बंद झालं. मामा अर्ध्या शटरच्या आड बसू लागले आणि बोलेनासे झाले. आयुष्यभर ज्याला मी गप्प बसा म्हणत आलो, तो माणूस खरंच गप्प बसला. दुकानात बसून मी भिंतीला कान लावायचो, आत काही हालचाल आहे का ते बघायला.

सविताला पुन्हा दिवस गेले होते. सासरी सासू नाही, म्हणून याही खेपेला ती माहेरीच आली होती. रक्त हाताशी असल्याशिवाय हिचं बाळंतपण करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवस भरणार होते ऐन श्रावणात. मामा माझ्याकडे येत, काउंटरला टेकत आणि बाहेर आभाळाकडे बघत राहत. "औंदा पाऊस लई हाय म्हनतात," असं म्हणत. मी म्हणे, तसं काही नाही. मला पावसातलं काय कळतं? पण ते उत्तराची वाट बघत तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नसे.

शेवटी ते आमदारांना भेटायला हिंगोलीला निघाले आणि मला सोबत घेतलं. साहेबांनी चहा पाजला, सविताची चौकशी केली. मग म्हणाले, "मामा, राजकारणात कधीकधी दोन पावलं मागं यावं लागतं."

"साहेब," मामा म्हणाले, "आमच्या मागं वढा हाय."

साहेब हसले. त्यांना ती मामांची गंमत वाटली. बाहेर पडताना त्यांचा एक कार्यकर्ता आमच्याबरोबर जिन्यापर्यंत आला. मामांच्या खांद्यावर हात ठेवून अगदी आपुलकीने म्हणाला, "पुढं झेडपी आहे. तोंड सांभाळा, मामा. दुकान रस्त्यावर आहे तुमचं." परतताना एसटी पुलावर आली तेव्हा मामांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मी माझे खिशात घालून ठेवले.

दुसऱ्या सकाळी मामा वायरी जोडत बसलेले दिसले.

"काय करून राहिले, मामा?"

"चुकीचं बोललो ना म्या. दुरुस्त करावं लागंल." वायर काही केल्या जागेवर बसेना. मग वर न बघता म्हणाले, "तू येतू का संगं?"

घरी बायको म्हणाली, दुकान जाळतील. तिचं काही चुकत नव्हतं. तरी मी गेलो, कारण घरात बसून काय झालं असेल याचा विचार करणं मला जास्त अवघड गेलं असतं. जीप तीच, गावं तीच, थांबायच्या जागाही त्याच. प्रत्येक ठिकाणी मामा तेच बोलले.

"ऐका हो ऐका. विलेक्शनमधी म्या बोललो होतो, दवाखाना व्हईल. दवाखाना होऊन राहिला न्हाई. बोललेलं म्या माघारी घेतो. माझ्या भरोशावर कोनी बसू नका. लेकीसुनांना आठवा लागला की वढ्यापल्याड नेऊन ठेवा. हिंगोलीत सोयरा आसंल तर सोयऱ्याकडं, नसंल तर खोली करा. पुलावर पानी आल्यावर माझा भोंगा काई कामाचा न्हाई."

बायका पुन्हा दारात आल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी शिव्याही दिल्या नाहीत. नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या, आणि त्या शांततेची मला शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली.

फाट्यावर मोटारसायकली आडव्या आल्या. पक्षाची, पण ओळखीचीच पोरं होती, त्यांच्या आयांना मी औषधं देतो. एकाने टपावरचा भोंगा ओढून खाली आपटला आणि दुसऱ्याने त्यावर दगड घातला. मामांचे ओठ पांढरे पडले होते. पोरं गेली, तेव्हा मला वाटलं आता घरी जायचं. मामा जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "म्होरं घे." उरलेल्या गावांत ते पारावर उभे राहून नुसत्या गळ्याने ओरडले. शेवटच्या गावात गळाही बसला, तेव्हा लोकच पुढे सरकून त्यांच्या भोवती उभे राहिले. परत आलो तेव्हा कासाबाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. सून त्यांनी त्याच आठवड्यात हिंगोलीला बहिणीकडे पोचवली.

सविताला आम्ही हिंगोलीत खोली करून दिली. रक्त लागलंच, पण ते पिशवीतून वेळेवर मिळालं आणि मुलगी झाली. आमच्या भागात आता आठव्या महिन्याला 'भोंग्याचा महिना' म्हणतात. नव्या सुना विचारतात की हे कसलं नाव, तेव्हा म्हाताऱ्या त्यांना सांगतात आणि कपड्यांची पिशवी भरायला लावतात. लोकांचा मामांवरचा राग गेला. पक्षावरचा राग मात्र निवला नाही, तो दाराआड जपून ठेवला गेला.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मामांच्या छातीत कळ आली. मी जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि ड्रायव्हरला जीप काढायला लावली. पुलावर पाणी होतं. लेकीसुनांचं मामांनी सांगून ठेवलं होतं, पण छातीला काही आठवा महिना लागत नाही. जीप बरोबर त्याच जागी उभी राहिली. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पाणी किती उतरलं ते मी बघत होतो आणि ते अजिबात उतरत नव्हतं. तेवढ्यात मामांनी माझी कॉलर धरून मला खाली ओढलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"दिनू, मला लई भ्या वाटून राहिलं. कोनाला सांगू नको."

पुढे बसलेल्या ड्रायव्हरलासुद्धा ते ऐकू गेलं नाही. मामांना पहिल्यांदाच कानात बोलता आलं होतं, आणि त्यावरूनच मला कळलं की आता काही उरलेलं नाही. पाणी उतरलं संध्याकाळी. तोवर आम्ही जीप परत फिरवली होती. मयतीची दवंडी मला द्यावी लागली, आणि माझा आवाज मामांच्या दुकानापलीकडे गेला नसेल.

आता झेडपीची निवडणूक आली आहे. माझी सून सातव्या महिन्यात आहे. हिंगोलीत खोली बघून ठेवली आहे, तरी रोज उठलो की मी आधी आभाळाकडे बघतो. परवा पक्षाची गाडी आली. भोंग्यातून कोणा परगावच्या माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज संगीतासह सांगत होता की रुग्णालय पुरं करणार. उमेदवार उतरले आणि हात जोडून माझ्या काउंटरशी आले. रांगेतल्या बायकांनी पदर सावरले आणि त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मी पुढे वाकलो आणि मामा मला शेवटचं जे म्हणाले होते ते त्यांच्या कानात सांगितलं.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. त्यांच्याच भोंग्यामुळे त्यांना ऐकू आलं नव्हतं.

मी बाहेर पायरीवर आलो. जमेल तेवढा आवाज काढून म्हणालो, "भोंगेमामा ओढ्याच्या अलीकडं मेले. मरताना त्यांना भीती वाटत होती. दवाखाना होणार नाही, लेकीसुनांना आधीच पल्याड नेऊन ठेवा." कोणाला सांगू नको, असं मामा म्हणाले होते खरे. पण त्यांनी सांगू नको म्हटलेलं या गावात कधी राहिलं आहे?

उमेदवार गाडीत बसले आणि गाडी पुढच्या चौकाकडे गेली. तिथेही थांबून ती तेच सांगणार होती. मी शटर ओढलं आणि तिच्या मागोमाग चालू लागलो.