टेलर आजोबांचं खरं आडनाव

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज कामावर माझी मलाच लाज वाटली.

मी इथे लंडनच्या हॅरोत म्हाताऱ्या माणसांची घरी जाऊन देखभाल करते. त्यातल्या टेलर आजोबांनी थुंकी तपासायला पाठवली होती. आज रिपोर्ट आला. बापाकडून मुलाकडे जातो तो डीएनए जर्मनीतल्या श्नायडर लोकांशी जुळला. श्नायडर म्हणजे शिंपी. टेलर म्हणाले, पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे जर्मनांच्या खिडक्या फोडायचे, म्हणून त्यांच्या आजोबांनी श्नायडरचं टेलर करून टाकलं.

"घाबरटच होते की तुमचे आजोबा!" मी फाडकन बोलले.

ते हसले. "आणि तुझ्या आडनावाची काय गोष्ट, डिअर?"

"काही नाही. गावाचं नाव आहे," म्हटलं आणि चहाचे कप घेऊन किचनमध्ये पळाले.

खरं म्हणजे मी कांबळे. मंडळात कोणी जात काढू नये म्हणून फॉर्मवर मीच गावाचं नाव लिहिलं. माझ्या खिडकीवर तर कोणी खडाही मारला नव्हता.

उद्या आजोबांना खरं सांगेन. पण लपवलं तुमच्यापासून, म्हणून आधी तुम्हाला.

गणपतीला माझ्या पुरणपोळ्या मागून मागून नेता. यंदाही न्याल ना?