गोळ्यांची कल्हई

बायनाबाई कोळीण तोंडाची फटकळ होती. निजामाच्या अमलात धारूरच्या अर्जुनराव पाटलांकडे तिनं वीस वर्षं पाणी भरलं. विहिरीवरून घागरी आणायच्या आणि पाटलांच्या तांब्याच्या हंड्यात रित्या करायच्या. हंड्यात पाणी ओतायची तिला मुभा, त्यातलं प्यायची मनाई. या शास्त्राला ती मनसोक्त हसायची आणि आपल्या घरी माठातलं प्यायची.

एकदा तालुकदारसाहेब पाहुणचाराला येणार होते. हंडा चांदीचा वाटावा म्हणून पाटलांनी त्याला आतून-बाहेरून कल्हई लावायचं काढलं. कथील महाग, पण किल्ल्यावर सापडलेल्या बंदुकीच्या जुन्या गोळ्या घरात टोपलीभर होत्या. त्याच त्यांनी कल्हईवाल्या बंकटपुढे ओतल्या.

"मालक, शिसं हाय हे. पान्याच्या भांड्याला चालत न्हाई," बंकट म्हणाला.

"पूर्वजांच्या गोळ्या हायत, बे! त्यांचं तेज पोटात जाऊ दे!"

तेज गेलं खरं पोटात. चार महिन्यांत सगळं घर पोट धरून बसलं. पाटील पहाटे लोटा घेऊन जायचे आणि उन्हं वर आल्यावर भरल्या लोट्यानिशी परत यायचे. भगतानं निदान केलं, पाणी भरणारीनं करणी केलीय. पुरावा काय, तर ती एकटी ठणठणीत! त्यानं उताऱ्याला बोकड कापला, आणि तरीही अमावस्येपर्यंत घर बरं झालं नाही तर तिला गावाबाहेर काढायचं ठरलं. या वेळी बायनाबाईला हसू आलं नाही. म्हातारपणी जायचं कुठं, या भीतीनं तिची झोप उडाली.

तिनं बंकटला गाठलं. "मला काढाय निघालेत! कशाची कल्हई केलीस रे?"

"शिशाची. पाटलाला न्हाई म्हनायची कुनाची छाती हाय, मावशे?"

ती तडक पाटलीणबाईंकडे, सुंदरबाईंकडे गेली. "बाईसाब, विहीर तीच, हातबी माजेच. आजपासून लेकरांना मातीच्या रांजणातलं पाजा, तुमीबी प्या. मग बोला."

सुंदरबाईंनी नवऱ्याच्या नकळत तसं केलं. अमावस्येपर्यंत त्या आणि लेकरं हिंडूफिरू लागली. पाटील मात्र हंड्यातलंच पीत होते आणि कण्हत होते.

अमावस्येला चावडीवर सुंदरबाईंनी हे सगळ्यांदेखत सांगितलं. पाटलांचा चेहरा पडला. पण आपल्याच हातानं घरादाराला विष पाजलं हे कबूल करतील तर ते पाटील कसले! ते म्हणाले, "भगताच्या बोकडानं करणी उतरली. बायनाबाईला माफ केलं." वर पुण्य कमवायची हौस आली. "हंडा बाजारातल्या पाणपोईला दान! बायने, उद्यापासून त्यात पानी भर."

गावात राहायचं तर एवढंच करायचं होतं, मान डोलवायची. बायनाबाईनं हंडा चावडीपुढं आणवला, पहार उचलली आणि सगळ्या गावासमोर त्याच्या बुडाला भोक पाडलं.

"बाजारच्या लोकांनी तुमचं काय घोडं मारलंय, मालक?"

त्याच संध्याकाळी तिला वेशीबाहेर काढलं. करणीसाठी नव्हे, दानाचं भांडं फोडलं म्हणून. ती मोठ्यानं रडत होती आणि मधूनमधून पाटलांना शिव्या देत होती. पाया पडली असती तर राहू दिलं असतं, असं गावातले शहाणे पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. पाणपोईचंच पाणी पिऊन सांगायचे.