मधातलं निंदण

पुण्यात कार्टूनचे सिनेमे काढणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली, तेव्हा साखरखेर्ड्याला बाबांना काम समजावून सांगताना माझी दमछाक झाली. मोठा चित्रकार हालचालीचं पहिलं चित्र काढतो आणि शेवटचं काढतो. मधली सगळी माझी. बाबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे पेरणी एकाची, वेचणी एकाची, अन् मधातलं निंदण तुहं." माझं काम इतक्या कमी शब्दांत कंपनीतल्या कुणालाही सांगता आलं नव्हतं.

पहिल्याच सिनेमात मला बैलगाडी मिळाली. पहिल्या चित्रात बैल उभा, शेवटच्या चित्रात चालता. मी सरळ आमच्या जोडीतला डावा बैल काढला. भारी नखरेल जनावर! जू मानेवर आलं तरी हलायचं नाही. एक कान फडकवायचं आणि वाट बघत उभं राहायचं. बाबांनी जिभेनं टॉक् टॉक् केलं की मगच पाऊल उचलायचं. दुसऱ्या कुणी घसा फोडून घेतला तरी ढिम्म. मी कान फडकवला, बैल थांबवला, मग चालवला. साहेब भडकले, "हा मध्येच झोपला काय?" पण चित्रं पुन्हा काढायला वेळ नव्हता, म्हणून बैल सिनेमात तसाच राहिला.

दुसऱ्या सिनेमापर्यंत खालून दिवा लावलेली आमची चित्रांची टेबलं जिन्याखाली गेली आणि कॉम्प्युटर आले. आता पहिली आणि शेवटची स्थिती दिली की मधलं सगळं तोच भरून काढायचा. फोनवर हे ऐकून बाबा हसले, "म्हंजे तुह्या निंदणावर तणनाशक मारलं म्हन की!" मला काही हसू आलं नाही. बोटं आखडेपर्यंत मी ते नवं काम शिकले, कारण हात हलवत घरी परतायचं नव्हतं.

घरी तरी काय होतं? बीटी कपाशी आली, तेव्हा पाकिटावरची बोंडं पाहून अख्खं गाव हरखलं होतं, बाबाही. त्या साली ऐन बोंडं भरताना पावसानं दडी मारली, झाडं लाल पडली, जनावरांना वैरणही उरली नाही. बैलजोडी लोणारकडच्या एका शेतकऱ्यानं विकत नेली. मला हे दिवाळीला रिकामा गोठा पाहून कळलं. मी मायवर चिडले, तर ती हळूच म्हणाली, "त्याईच्यासमोर बैलाचं नाव काढू नको. जेवत नाहीत मंग ते."

आणि माझ्या पिशवीत दोन्ही सिनेमांच्या सीड्या! बाबा तर हटूनच बसले, "तुहं काम पाहू दे." मी मुद्दाम आधी कॉम्प्युटरचा सिनेमा लावला. त्यातला बैल आरशासारखा चकचकीत होता आणि उभा राहायच्या आत निघत होता.

"कसा राजबिंडा हाय!" माय म्हणाली.

"हा तं रोजच पोळ्याचा दिसते," बाबा म्हणाले. "बियाण्याच्या पाकिटावरचं बोंड अन् हा बैल, एकाच मायची लेकरं. आता तुह्या निंदणाचा लाव."

मी म्हटलं, लाईट जाईल. रोज दुपारी त्याच वेळेला भारनियमन असायचं. बाबा म्हणाले, "जाऊ दे. लाव." मी सीडी घातली आणि मनातल्या मनात वीज मंडळाची करुणा भाकली. एरवी न चुकता जाणारी लाईट त्या दिवशी मात्र गेली नाही.

गाडी आली. बैलानं कान फडकवला आणि तो थांबला. मला बाबांकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात आवाज आला, टॉक् टॉक्. पडद्यावर बैल निघाला. मायनं तोंडाला पदर लावला. मी सिनेमा बंद केला. बाबा म्हणाले, "ज्यानं नेला, त्याले हे सांगाचंच राह्यलं. मारत असन तो त्याले."

रात्री ते जेवले नाहीत. सकाळी धुतलेला सदरा घालून पहिल्या एसटीनं लोणारकडे गेले. दिवसभर माय माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं चुकत होतं असं मला वाटत नव्हतं. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुऊन सरळ ताटावर बसले.

"सांगितलं का त्यांना?" मी विचारलं.

"सांगतलं ना. तो बिचारा टॉक् टॉक् करू करू थकला. यानं कान हालवला अन् उभा."

"मग?"

"मंग म्या समोर उभं राहून केलं."

"निघाला?"

"निघाला ना. गाडी घेऊन माह्याकडंच निघाला," बाबा म्हणाले आणि मायकडे दुसरी भाकर मागितली.