करंगळीचा एक्स-रे

"पायात तर जोडवी बी न्हाईत गं हिच्या."

हे माझ्याबद्दल होतं. बेळगावातल्या एका स्कॅनिंग सेंटरच्या बाकावर मी पाण्याची बाटली घेऊन बसले होते आणि मागच्या रांगेतली एक बाई आपल्या गरोदर सुनेच्या कानात हे सांगत होती. कानात म्हणजे तिच्या मते. स्कूटीवरून आल्यामुळे माझी ओढणी अजून नाकापर्यंत गुंडाळलेली होती, घोट घेताना तेवढी मी ती खाली ओढत होते. डोक्यावर बाजूच्या भिंतीला कन्नड आणि इंग्रजीत मोठा फलक होता : इथे गर्भातल्या बाळाचं लिंग सांगितलं जात नाही, तो गुन्हा आहे. एवढी बाकं मोकळी असताना मी नेमकी त्या फलकाखाली बसले होते.

"सोनोग्राफीलाच आलीया," बाई पुढे म्हणाली. "बघ की, पाणी कसं पितीया घटाघटा."

"हळू बोला की ओ," सून म्हणाली.

त्या बाईचा आवाज ओळखीचा होता. मी बाटलीच्या बुडाकडे बघावं तशी मान वर केली आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. येळ्ळूरच्या काकी! पप्पांच्या चुलतभावाची बायको. आमच्या नात्यात लग्नं जुळवायचं काम कुणी न सांगता त्यांनी स्वतःकडे घेतलेलं आहे. येत्या रविवारी निपाणीचे लोक मला बघायला येणार होते, ते स्थळही त्यांनीच आणलेलं.

त्या स्थळाबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्या मुलाशी माझं एकदा फोनवर बोलणं झालं होतं. त्याने विचारलं, तुला काय आवडतं? मी खूप विचार करून म्हणाले, झोप. तो म्हणाला, मलाही. मग आम्ही दोघं बराच वेळ गप्प होतो आणि ते गप्प बसणं मला कुठेच टोचलं नाही. माझ्या बाबतीत हे सहसा होत नाही. त्यामुळे रविवार नीट पार पडावा असं मला वाटत होतं. घरात मी हे कुणाला सांगितलं नव्हतं.

मी ओढणी आणखी वर ओढली. वाचले असते, पण तेवढ्यात मम्मी काउंटरवरून आली आणि लांबूनच म्हणाली, "संपवलीस काय गं बाटली?"

"अगंबाई!" मागून आवाज आला. "ही आपली व्हय?"

काकी उठून पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. "काय झालंय लेकराला?"

खरं उत्तर सोपं होतं. आदल्या रात्री माझ्या डाव्या कुशीत इतकं दुखलं की मी पाय भिंतीला लावून पडले होते. आमच्या डॉक्टरांना मुतखड्याचा संशय होता. पण 'मुतखडा' हा शब्द मम्मी चारचौघांत उच्चारू शकत नाही आणि मीही नाही. 'किडनी स्टोन' मला म्हणता आलं असतं. पण मी कुठलंही वाक्य आधी इंग्रजीत जुळवते, मग मराठीत आणते, मग ते बरं वाटतंय का बघते. तोपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात.

"काय न्हाय ओ काकी," मम्मी घाईने म्हणाली. "जरा उलट्या व्हायल्यात."

काकींची सून खाली बघू लागली. काकी "हां, हां" म्हणाल्या. दोन्ही हां वेगवेगळे होते.

नर्सने दार उघडून मला विचारलं, "नीर कुडदीरेन्री?" पाणी प्यायलात का? मी मान हलवली. मला पाण्याशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं. मम्मी माझ्यासोबत आत यायला निघाली, पण काकींनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

आतली खोली अंधारी होती. डॉक्टर माझ्याहून फार मोठी नव्हती. तिने पोटावर गार जेल लावलं आणि इस्त्री फिरवावी तसं ते यंत्र फिरवायला लागली. पडद्यावर करड्या रंगाचा पाऊस पडत होता आणि त्यात कुठेतरी मी होते. अंधारात मला बोलता येतं. मी इंग्रजीत विचारलं, हे वटवाघळासारखं आहे का? शाळेत शिकलो होतो, ते आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून ओळखतं.

डॉक्टर हसली. "अगदी तसंच. आवाज आत जातो, आपटून परत येतो, त्याचं हे चित्र." आणि मग, बहुतेक दिवसभर कुणी काही विचारत नसल्यामुळे, ती हौसेने सांगत सुटली. एक्स-रे म्हणजे सावली. हाड घट्ट, म्हणून पांढरं उमटतं. खडे त्यात काही दिसतात, काही नाही. सीटी म्हणजे तोच एक्स-रे, पण सगळीकडून गोल फिरून काढलेला, पाव कापून प्रत्येक चकती बघावी तसा. त्यात खडा लख्ख दिसतो. एमआरआयमध्ये मोठं लोहचुंबक असतं. मेंदू, मणक्यातली चकती, गुडघ्यातले दोर, असं मऊ बघायचं तर ते. "खड्याला त्याचा उपयोग नाही. महागाचं ते चांगलं असं नसतं. काय बघायचंय त्यावर आहे."

मग तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हा बघ. लहान आहे, आपोआप पडेल. पाणी भरपूर पी. आणि लघवी चहाच्या गाळणीतून गाळत जा. खडा मिळाला तर आणून दे, कसला आहे ते तपासू. नाही पडला तर सीटी करू."

हे सगळं इंग्रजीत झालं, आणि मम्मी बाहेर होती. घरी जाताना मी एका दुकानातून निळी प्लॅस्टिकची गाळणी घेतली आणि घरी बाथरूममध्ये बादलीच्या मागे खिळ्याला टांगली. मम्मीला खडा सांगितला, पाणी सांगितलं. गाळणी सांगितली नाही. स्वयंपाकघरातली आमची गाळणी स्टीलची आहे, त्यामुळे घोटाळा व्हायचं काही कारण नव्हतं.

आम्ही टिळकवाडीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना चढून दार उघडेपर्यंत निपाणीहून आत्याचा फोन आला होता. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. त्यांच्या घरी तंबाखूचा व्यापार आहे आणि ती कुणाशीही बोलली तरी वखारीत हमालांना हाक मारल्यासारखी बोलते.

"काय ऐकते मी? सोनोग्राफी? लग्नाआधी?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बसने निघाली. बेळगावाच्या अलीकडच्या काकतीजवळ आल्यावर तिने फोन केला, चहाचं पातेलं ठेवा म्हणून. चहा पिऊन ती मधल्या खोलीत मांडी घालून बसली आणि आमची बैठक सुरू झाली. मी पण होते, पण उपस्थित वस्तूसारखी.

"खडा हाय ते आपल्याला ठावं," आत्या म्हणाली. "लोकांला न्हाय. सोनोग्राफी म्हटलं की लोकांला पाळणाच दिसतोय."

"मग खडाच सांगूया की, आक्का," पप्पा म्हणाले.

"आणि पावण्यांच्या म्होरं कोण म्हणणार त्यो शब्द? तू म्हणतोस?"

पप्पांनी उठून पंखा वाढवला.

"दुसरा कायतरी फोटो काढला म्हणूया," मम्मी म्हणाली. "छातीचा?"

"छातीचा फोटो म्हणजे टीबी. निपाणीत तर न्हायच न्हाय. तंबाखूच्या गावात छातीचा फोटो म्हटलं की पोरगी बिड्या वडती म्हणतील."

"सीटी स्कॅन?"

"त्याला लोक कॅन्सरच म्हणत्यात."

"एमआरआय करून आलो म्हणूया," पप्पा पुन्हा धीर करून म्हणाले. "जरा भारी वाटतंय."

"कशाचा?"

"डोक्याचा?"

आत्याने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांच्याच डोक्याचा एमआरआय काढायला हवा. "डोक्याचा म्हणजे येडी. कमरेचा म्हणजे उद्या वाकायची न्हाय. गुडघ्याचा म्हणजे बसायची न्हाय. अरे, जे गेलं तरी चालतंय असं काय हाय का न्हाय हिच्या अंगात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वरून खालपर्यंत. मला त्या अंधाऱ्या खोलीतली डॉक्टर आठवली. काय बघायचंय त्यावर आहे, म्हणाली होती. इथे काय दाखवायचं नाही त्यावर होतं.

"करंगळी," मम्मी हळूच म्हणाली.

आत्याचा चेहरा उजळला. "करंगळी! दारात चेंगरली. त्याच सेंटरात एक्स-रे बी काढत्यात न्हवं?"

"पण मी उलट्या झाल्या म्हणाले ओ, आक्का."

"चेंगरल्यावर कळ आली, उलटी झाली."

"आणि पाणी?"

"उलटी झाली म्हणून पाणी." आत्या खूश होऊन मांडीवर थाप मारत म्हणाली, "सगळं बसतंय बघा."

मला काहीतरी म्हणायचं होतं. माझं वाक्य अजून इंग्रजीत होतं.

रविवारी सकाळी पप्पांनी माझ्या डाव्या करंगळीला पट्टी बांधली. आत्याला ती बारीक वाटली. "एवढ्याला कोण एक्स-रे काढतंय? बांध अजून." पप्पांनी बांधली. मग आत्याने त्यावर हळदीचं बोट लावलं. माझी करंगळी आता मक्याच्या लहान कणसासारखी दिसत होती. एक अडचण मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती. डॉक्टरांनी सांगितल्यामुळे मी सारखी पाणी पीत होते आणि सारखी बाथरूमला जात होते, आणि दरवेळी पट्टी भिजत होती. गाळणीत काही मिळत नव्हतं. मी ती दरवेळी धुऊन जागच्या जागी टांगत होते.

पाहुणे आले तेव्हा मी आतच होते. बाहेर आल्याबरोबर आत्याने मला स्वयंपाकघरात ओढलं, ओली पट्टी काढली आणि कोरडी बांधली. मग ती स्वतः बाथरूमला जाऊन आली आणि तिने मला बाहेर ढकललं.

मुलगा फोनवर होता तसाच होता, म्हणजे गप्प. त्याच्या शेजारी त्याची आई. समोर येळ्ळूरच्या काकी, खुर्चीच्या अगदी कडेवर. मी पोह्यांचा ट्रे आणला. करंगळी एकटी वर उभी राहिली होती.

"बोटाला काय झालं?" मुलाच्या आईने विचारलं.

मम्मी पाठ केल्यासारखी म्हणाली, "दारात चेंगरलं ओ. एक्स-रे काढून आणलाय परवा. कळ आली, उलटी झाली, मग पाणी."

सगळं बसत होतं. काकी मात्र पोहे खायच्या थांबल्या. "मगाशी जिन्यातनं वर आले तवा दारातनं बघितलं मी. पळत आत गेली ही. तवा डाव्या हाताला हुती की गं पट्टी?"

सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. पट्टी उजव्या करंगळीवर होती.

मुलाच्या आईने चमचा ताटलीत ठेवला. मुलाने माझ्या उजव्या करंगळीकडे पाहिलं, मग डाव्या, मग तोंड दुसरीकडे वळवलं. त्याचे खांदे हलत होते. हसू होतं की आणखी काही, मला कळलं नाही. काकी मम्मीकडे झुकल्या आणि त्यांच्या त्या कानातल्या आवाजात म्हणाल्या, "खरं काय हाय त्ये सांगून टाक की गं. अजून काय बिघडलं न्हाय."

मुलाची आई आपली पर्स जवळ ओढू लागली. तिला ऐकू गेलं होतं. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. 'ॲक्चुअली' पर्यंत आले.

तेवढ्यात आत्या चहा घेऊन आली. "आधी चहा घ्या, मग बोलू," ती वखारीतल्या आवाजात म्हणाली आणि कुणी उठायच्या आत सगळ्यांच्या हातात कप दिले. आत्याच्या हातचा कप परत करायची कुणाची छाती होत नाही. मुलाच्या आईने कपात बघितलं. तिला काहीतरी बरं बोलायचं असावं.

"चहा अगदी स्वच्छ गाळलाय हो."

"गाळणार की!" आत्या फुलून म्हणाली. "ह्यांची स्टीलची गाळणी भोकं पडलेली, सगळी भुकटी खाली. माझ्या नजरेला एक नवीकोरी निळी गाळणी पडली, कुणी बादलीमागं टांगून ठेवलेली. म्हटलं, चांगली वस्तू, असं कोण ठेवतंय? घेतली धुऊन."

मम्मी हसून मान हलवत होती. तिला माहीत नव्हतं. पप्पांना माहीत नव्हतं. त्या खोलीत ते फक्त मला माहीत होतं. काकींनी बशीत चहा ओतला. मुलाच्या आईने कप उचलला. मुलाने फुंकर घातली, माझ्याकडे बघितलं, तो पहिल्यांदाच थोडंसं हसला, आणि त्याने कप ओठांकडे नेला.

मी उभी राहिले. वाक्य थेट मराठीत आलं, आणि इतकं मोठ्याने की खालच्या मजल्यावरही गेलं असणार.

"थांबा! तो चहा कुणी पिऊ नका, ती निळी गाळणी माझी आहे! मला मुतखडा झालाय, आणि डॉक्टरांनी तो गाळून आणायला सांगितलाय!"