हजेरी तासाच्या शेवटी

शाळेच्या स्टाफरूममध्ये बारा वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साचतात. कपाटात न तपासलेल्या वर्कशीट्स आणि डोक्यात किस्से. वर्कशीट्स जूनमध्ये रद्दीत जातात. किस्से कुठे जात नाहीत, आणि माझ्याकडचे निम्म्याहून जास्त सबनीस सरांचे आहेत.

आमची शाळा शारजातली, अभ्यासक्रम अमेरिकन. सर अकरावीला अमेरिकेचा इतिहास शिकवायचे. देश स्वतंत्र झाल्यानंतरची पहिली तीस-चाळीस वर्षं हा त्यांचा जीव की प्राण! नवी राज्यघटना, दोन पक्षांची भांडणं, बँक, कालवे, गिरण्या. मी शेजारच्या वर्गात भूगोल घेते. सर नाशिकचे, मी साताऱ्याची. अमेरिका दोघांनीही पाहिलेली नाही.

एकदा ओपन हाउसला एक नवे पालक आले. अबुधाबीतलं अल रीम आयलंड सोडून शारजात राहायला आलेले, त्याआधी दहा वर्षं अमेरिकेत काढलेले. सरांचं बोलणं ऐकून भारावून गेले. म्हणाले, "सर, तुम्ही तिथे कुठल्या स्टेटमध्ये होता?"

सर म्हणाले, "आधी उम्म अल कुवैनच्या अमिरातीत होतो. आता इथेच, शारजात."

*

सरांची एक सवय सगळ्या शाळेला माहीत होती. हजेरी ते तासाच्या शेवटी घ्यायचे.

आमच्या सुपरवायझर हनान मॅडम वैतागायच्या. "हबीबी, सिस्टिम साडेआठला लॉक होते!" मग सर सिस्टिमसाठी एकदा सकाळी टिक करायचे आणि स्वतःच्या लांबड्या रजिस्टरात तास संपताना पुन्हा एकेक नाव पुकारायचे.

मी कारण विचारलं. म्हणाले, "बाई, राज्यघटना लिहायला जमलेल्यांपैकी काही जण सह्या व्हायच्या आधीच घरी निघून गेले होते. सुरुवातीला सगळेच हजर असतात हो. शेवटी कोण उरलं, ते लिहायचं!"

*

दरवर्षी सर वर्गाची काँग्रेस भरवायचे. एका बाजूला पहिल्या अर्थमंत्र्याचा पक्ष. त्याला बँक हवी, कारखाने हवेत. समोर शेतकऱ्यांचा पक्ष. त्यांचं म्हणणं, देश जमिनीवर उभा राहतो, बँकेवर नाही. सर स्वतः राष्ट्राध्यक्ष. वर्गाने बिल पास केलं की त्यावर सरांची सही व्हायची.

अडचण अशी, की शेतकरी व्हायला कुणी तयारच नसायचं! आमच्या मुलांनी शेत पाहिलंय ते विमानातून. शेवटी सर राष्ट्राध्यक्षपद बाजूला ठेवून एकटेच शेतकऱ्यांच्या बाकावर जाऊन बसायचे आणि दरवर्षी हरायचे.

एका वर्षी त्यांनी जीव तोडून भाषण केलं. सगळ्या वर्गाचं पोट आम्ही भरतो, वगैरे. बँकेच्या बाकावरून एका मुलीने शांतपणे विचारलं, "बट सर, डू दे हॅव ॲन ॲप?"

*

कालव्याचा धडा आला. डोंगर फोडून, दलदल तुडवून, मोठ्या सरोवरांपासून नदीपर्यंत तो कालवा हातांनी खणला, आणि खणणारे बरेचसे परदेशातून आलेले मजूर. त्या कालव्याने व्यापार कुठल्या कुठे नेला. सर म्हणाले, मुलांना हे पुस्तकातून कळणार नाही. ट्रिप काढू.

हनान मॅडम म्हणाल्या, "यल्ला, म्युझियमला जा."

सर वर्ग घेऊन गेले शारजा इंडस्ट्रियल एरियात, एका गॅरेजमध्ये!

तिथे पेशावरकडचे एक वयस्कर फिटर होते, खानसाहेब. एका मुलाने विचारलं, किती वर्षं आहात इथे? "इकतीस." मुलगा म्हणाला, "सो यू आर फ्रॉम हिअर!"

खानसाहेब हसायला लागले. हसता हसता डोळे पुसले, तर गालाला ग्रीस लागलं. "नहीं बेटा. मैं तो जानेवाला हूँ. अगले साल."

मीही ट्रिपला सोबत होते. गाडी सर्व्हिसिंगला नेणारे आम्ही सगळेच तिथले गिऱ्हाईक. खानसाहेबांच्या त्या 'अगले साल'मध्ये आम्हीही आहोत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि बरं नाही वाटलं.

*

सरांची एकुलती एक लेक, सई, आमच्याच शाळेत. घरचा एक कडक नियम होता. शाळेच्या गेटच्या आत पपा नाही, 'सर' म्हणायचं. लोकांनी वशिला म्हणू नये म्हणून.

चौथीत असताना ती जिन्यावरून पडली, हात मोडला. सर धावत शाळेच्या क्लिनिकमध्ये गेले, मागोमाग मी. पोरगी कळवळत होती. बापाला बघून म्हणाली, "सर, मे आय गो होम?"

नव्या नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वडील आहेत तिचे." तिला ते खरं वाटलं नाही.

*

पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा धडा सर शेवटी ठेवायचे. युद्ध जिंकलेला माणूस, लोक राहा म्हणतायत, आणि हा दोन टर्म झाल्यावर उठून घरी गेला. खुर्ची सोडून देता येते, हे त्याने जगाला दाखवलं, असं सांगताना सरांचा आवाज बदलायचा.

एका वर्षी मागच्या बाकावरून हात वर झाला. "सर, हिज व्हिसा गॉट कॅन्सल्ड?"

वर्गात कुणी हसलं नाही. सगळ्यांचा तोच प्रश्न होता.

सर म्हणाले, "नाही रे. स्वतःहून गेला."

"बट व्हाय?"

स्वतःहून कुणी जातं, हे पोरांनी पाहिलंच नव्हतं. दर जूनला कुणीतरी मित्र जायचा, तो वडिलांची नोकरी गेली म्हणून.

*

यंदा मार्चमध्ये सरांना पत्र आलं. इतिहास आणि भूगोल एकत्र करून नवा विषय होणार, सरांचं काँट्रॅक्ट जूननंतर रिन्यू होणार नाही. व्हिसा शाळेचा. वहिनींचा आणि सईचा व्हिसा सरांच्या व्हिसावर. सई अकरावीत, सरांच्याच वर्गात; बारावी बाकी. ती जन्मली शारजात, नाशिकला फक्त सुट्टीत गेलेली.

सर एचआरकडे गेले, सोबत मलाही नेलं. शाळेतली बावीस वर्षं कुणापुढे वाकले नव्हते. त्या दिवशी हात जोडून म्हणाले, "एक वर्ष द्या. ग्रेड कुठलीही द्या, लायब्ररीत बसवा. मुलीची बारावी होऊ दे, मग मी स्वतःहून जातो."

एचआरवाला तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "लेट अस सी सर, इन्शाल्ला."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, बघू म्हणालाय ना!

सर म्हणाले, "बाई, इतक्या वर्षांत कुठलं इन्शाल्ला कसलं, ते ओळखू येतं. खलास."

मागे वळून पाहिलं, तर सई पाण्याच्या कूलरपाशी बाटली घेऊन उभी होती. एचआरचं दार मघापासून अर्धं उघडंच राहिलं होतं. तिने सगळं ऐकलं होतं.

*

जूनमधला शेवटचा तास. नवा विषय माझ्याकडे येणार होता, म्हणून मी मागच्या बाकावर वही घेऊन बसले होते. मला स्वतःचीच लाज वाटत होती.

वर्गाने काँग्रेस भरवली. मुलांनी सरांना न सांगता बिल लिहून आणलं होतं: सबनीस सर अजून एक वर्ष राहतील. यंदा शेतकऱ्यांच्या बाकावरही मुलं बसली होती; बँकवाले आणि शेतकरी पहिल्यांदाच एका बाजूला! भराभर हात वर झाले. सगळ्या वर्गाचे. एक सोडून.

सरांनी चष्मा पुसला. "ऑनरेबल मेंबर सई सबनीस?"

सई उभी राहिली. "आय वोट नो, सर."

सरांनी विचारलं, "रीझन?"

"द फर्स्ट प्रेसिडेंट लेफ्ट ऑन हिज ओन. अवर्स इज लीव्हिंग ऑन हिज ओन टू. प्लीज, पुट दॅट इन द रेकॉर्ड, सर."

सरांनी तिचं वाक्य रजिस्टरात जसंच्या तसं लिहून घेतलं. बिल मात्र पास झालं होतं, ते सहीला त्यांच्यासमोर आलं. त्यांनी लाल पेन काढलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा लिहिलं, 'व्हेटो'.

बेल व्हायला दोन मिनिटं होती. सरांनी हजेरी सुरू केली. एकेक नाव, एकेक "प्रेझेंट सर".

"सई सबनीस."

"प्रेझेंट, पपा."